पीस खाली पडला तर

"ताई, ऑडिटच्या दिवशी तुम्ही सुट्टी घ्या. भरपगारी देतो," आमच्या लाइनचे साहेब म्हणाले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकला लागणारे पितळी पीस तपासायला मी अकरा वर्षं बसत होते. साहेबांना येऊन दोन वर्षं झाली होती. मी म्हटलं, "का? मी काय पाहुण्यांना चावणार आहे?"

ते ओशाळले. परदेशातला कस्टमर येणार होता म्हणे, आणि तो प्रत्येक टेबलाशी थांबून इंग्रजीत प्रश्न विचारतो. मी गप्प बसले तर कंपनीवर शेरा येणार. म्हणून त्या दिवशी माझ्या जागी डिप्लोमा झालेली नवी मुलगी बसवायची. मुलगी गुणाची होती, तिच्यावर माझा राग नव्हता. पण एकदा का मी उठले, की पुढे मला पॅकिंगला टाकणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. पॅकिंगला गेलेली बाई पुन्हा तपासणीच्या टेबलावर आलेली मी तरी पाहिली नाही.

"मी येणार सर," मी म्हटलं. "दहा दिवस आहेत ना? शिकते."

साहेब हसले नाहीत, एवढं बरं केलं. "बघा ताई. त्या दिवशी जमलं नाही, तर मग मला काही बोलू नका."

बोलले खरी, पण दिघीला घरी पोचेपर्यंत तोंडचं पाणी पळालं होतं. मी दहावी नापास, तीही इंग्रजीतच. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. तिला सांगितलं तर ती कंबर कसूनच बसली. कंपनीतले नियम तिने माझ्याकडून वदवून घेतले आणि म्हणाली, "मम्मी, हे सगळं 'इफ'चंच आहे की! पीस खाली पडला तर काय करशील? माप चुकलं तर काय करशील? मग तेच शिकू."

तिने वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला होऊ शकणाऱ्या गोष्टी: बस चुकली तर मी रिक्षाने जाईन. तिथे 'विल'. दुसऱ्या बाजूला नुसतं समजायच्या गोष्टी, तिथे 'वुड'. उदाहरण काय दिलं, तर मी पक्षी असते तर उडाले असते.

"पक्षी कशाला व्हायचं गं? चाकणला जायला कंपनीची बस आहे की."

"मम्मी, नुसतं समजायचं! बरं, पक्षी राहू दे. तू मॅनेजर असतीस तर काय केलं असतंस? इफ आय वेअर द मॅनेजर... पुढे बोल."

"चल, काहीतरीच," म्हणून मी कणीक मळायला उठले. तिने ते वाक्य तसंच अर्धवट ठेवलं, पुढे टिंबं टिंबं.

माझा खरा अभ्यास झाला तो बसमध्ये. मोशी सोडली की आमची बस मुंगीच्या पावलाने चालते आणि चाकणच्या चौकाआधी तर ठाणच मांडते. लोक त्या ट्रॅफिकला शिव्या घालतात, मी मात्र दहा दिवस त्याचे आभार मानले. वही मांडीवर आणि ओठांची आपली पुटपुट चालू. मागच्या सीटवरची म्हणाली, "अगं बाई, आमच्या मॅडम पास होणार! मी पण सांगू? इफ ट्रॅफिक क्लिअर, आय विल डान्स!" सगळी बस हसली. मी मागे वळून म्हटलं, "क्लिअर्स म्हण, मग नाच." माझ्याच तोंडून ते आलं आणि माझी मलाच गंमत वाटली.

ऑडिटचा दिवस उजाडला. पाहुणा उंच, साठीचा, गळ्यात चष्मा अडकवलेला. शेजारी आमचे साहेब, इस्त्री केलेल्या शर्टात घामाने भिजलेले. पाहुण्याने मला विचारलं, मी काय काम करते. बघा आता! दहा दिवस 'इफ'ची घोकंपट्टी केली आणि पहिल्या प्रश्नात 'इफ'च नाही. माझी बोबडी वळली. "चेकिंग, सर," एवढंच कसंबसं म्हटलं.

मला सावरायला म्हणून साहेबांनी हिरव्या ट्रेमधला एक तपासलेला पीस उचलून पाहुण्याला दाखवायला घेतला. पीस निसटला आणि टणकन फरशीवर पडला. साहेबांनी तो चटकन उचलला, बाहीला पुसला आणि परत हिरव्या ट्रेमध्ये ठेवला.

आता आमच्याकडे नियम असा, की खाली पडलेला पीस कितीही चांगला दिसो, तो लाल बिनमध्येच जातो. डोळ्याला न दिसणारी चीर गेलेली असली तर पुढे कुणाच्या तरी गाडीचा ब्रेक जातो. अकरा वर्षांत मी एकही पडलेला पीस पुढे जाऊ दिलेला नाही. माझा हात आपोआप ट्रेमध्ये गेला, तोच पीस उचलला आणि मी म्हटलं, "सर, इफ पीस फॉल्स, आय विल पुट इट इन रेड बिन." आणि टाकला.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पाहुण्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि अगदी सावकाश विचारलं, "इफ युवर बॉस सेड द पीस इज ओके, व्हॉट वुड यू डू?"

मला कळला हो प्रश्न! शब्दन् शब्द कळला. "आय वुड से नो, सर," मी म्हटलं.

पाहुणा मोठ्याने हसला आणि साहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, या बाईंना या टेबलावरून हलवू नका. हे साहेबांनीच मला नंतर मराठीत सांगितलं, चहाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर. "चुकलं माझं, ताई," असंही म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस, नाही कशाला म्हणू? पण त्या क्षणी मला अभिमान वाटला तो माझाच. अस्सा वाटला, की दुपारी शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये पाठ टेकून बसवेना.

घरी आले तर मुलगी कॉलेजातून यायची होती. तिची वही काढली, टिंबांवर पेन टेकवलं आणि अक्षरं जुळवत वाक्य पुरं केलं: मी मॅनेजर असते, तर कुणालाही घरी बस म्हणाले नसते. सगळं इंग्रजीत.

मुलगी आली, वाचलं, लाल पेन घेऊन चूक शोधत बसली. दोनदा वाचलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि माझ्या गळ्यात पडली.