बग्गी, विहीर आणि नळाचा दिवस

लेकीचा फोन आला की रविवारी तुम्हाला दोघांना बग्गीत फिरवायचंय, तवा मी पयलं काम काय केलं, तर पांढरा शर्ट आन पांढरी पँट इस्त्रीला टाकली. बुटाला पॉलिश मारलं. आपल्या गावात बग्गी म्हणजे वरातीची बग्गी. दोन पांढरे घोडे, लायटींचं झाड, म्होरं बँड. माझ्या लग्नात बग्गी नव्हती, आमची वरात दोस्ताच्या टेम्पोतून आली होती आन तो टेम्पो बी ढकलावा लागला होता. मला वाटलं, लेकीला त्याचं वाईट वाटत असंल, आता नोकरीला लागली तर बापाची हौस फेडती. रिक्षा स्टँडवर मी समद्यांला सांगून बसलो. एकजण म्हणला, फेटा बी बांध. मी घरी जाऊन फेटा शोधला बी. घावला नाय, ते बरं झालं.

बायकोनं मातर पिशवीत एक जुना पंजाबी ड्रेस घातला, टॉवेल घातला. मी म्हणलं, हे कशाला? ती म्हणली, पवायला. लेकीनं तिला नीट सांगितलं होतं, मला ते तिथं गेल्यावर कळलं. दौलताबादच्या पलीकडं डोंगराच्या पोटाला एक रिसॉर्ट निघालंय, तिथून जाड टायरच्या उघड्या गाडीत बसवून माळावरून, नाल्यातून फिरवतात आन मधी तीन जागी पवायला थांबतात. तिसरी जागा विहीर. बायकोनं बाकीचं काय ऐकलंच नव्हतं, फकस्त विहीर ऐकलं होतं.

आता हे सांगायला पायजे. आमची मंडळी पाचोडकडची. बापाच्या मळ्यात विहीर, पाठीवर डबा बांधून पवायला शिकली, मग डबा बी सुटला. तिचे भाऊ अजून सांगत्यात की ही वरच्या दगडावरून मुटका मारायची तर पाणी पार मोटंच्या जागंपर्यंत उडायचं. आन अशी बाई मी शहरात आणली, जिथं नळ आठ-दहा दिवसाला एकदा येतो. लगीन झाल्यापासून तिनं पाणी बघितलं ते ड्रममधलं. आंघोळीला बादली, भांड्याला अर्धी, वरचं झाडाला. उन्हाळ्यात माहेरी गेली तर भाऊ म्हणायचे, आता बाईमाणसानं काय विहिरीत उड्या मारायच्या. नंतर त्यांनी ती विहीर बुजवून बोअर पाडला. तिनं कधी मला बोलून दाखवलं नाय. पण त्या रविवारी पहाटं उठून ती एकटीच चहा पीत बसली होती, आन पिशवी मांडीवर होती.

जावयाच्या गाडीतून पोचलो. रिसॉर्टवाल्यानं नारळाची झाडं लावली होती, समदी दोरीनं खुंट्याला बांधलेली. खाली पिवळी वाळू पसरलेली आन वाळूत आरामखुर्च्या. समोर बघावं तर आपला तोच उघडा डोंगर आन किल्ल्याचं टोक. लेक म्हणली, गोव्याला आल्यासारखं वाटतं ना? मी गोवा बघितलेला नाय, म्हणून व्हय म्हणलं. आन तिथं बग्गी उभी. घोडा नाय, छत नाय, नुस्ता पायपाचा पिंजरा आन खाली टॅक्टरसारखे टायर. चालवणारा दौलताबादचाच, गळ्यात रुमाल. त्यानं माझ्या पांढऱ्या कपड्याकडं पाहिलं, मग बुटाकडं पाहिलं, आन लई अदबीनं इचारलं, "चचा, शादी में जाना है क्या?" जावई तोंड फिरवून हसला. चांगला पोरगा हाय, तोंड फिरवतो तरी.

माळावर धूळ अशी की पयल्याच चढावर माझा शर्ट मुरमाच्या रंगाचा झाला. पयली जागा म्हणजे शेततळं. मोठा चौकोनी खड्डा, आत काळा प्लास्टिकचा कागद आंथरलेला, वर काठोकाठ निळं पाणी. चारी बाजूंनी दोर सोडलेले. बग्गीवाला सांगत होता, दोर धरूनच उतरा, कागद गुळगुळीत हाय, दोर सुटला तर माणूस वर येत नाय. मी म्हणलं, समद्याच्या आधी पाण्याचा अंदाज घेऊ, आपण घरातले वडील. काठावर बसलो, बूट काढून हातात घेतले. एवढंच केलं मी. बसलो आन तसाच बसल्या बसल्या आत गेलो, मांडी घातलेली सुदिक मोडली नाय.

मला पवायला येतं तेवढंच, म्हणजे बुडायला वेळ लागतो. वर चढाया गेलो की पाय घसरायचा. दोर हाताशी होता, पण दोर धरायचा तर हातातले बूट सोडाया लागले असते आन बूट नवीन होते. जावई वरून वराडतोय, "मामा, बूट सोडा." मी त्याला सांगतोय, चामड्याचे हायत. शेवटी बायकोनं काठावर पालथं पडून पिशवीतली ओढणी खाली टाकली आन म्हणली, "ते बूट सोडता का मी ओढणी सोडू?" मग सोडले. जावई आन बग्गीवाल्यानं मिळून मला वर ओढलं, मग काठीनं बूट काढले, तवर म्हागून दुसरी बग्गी आली आन आमची पाळी संपली. बायकोचे पाय घोट्यापर्यंत भिजले होते. ती म्हणली, असू द्या, विहीर हाय ना म्होरं.

म्होरच्या टप्प्यात मीच म्हणलं, गाडी मला द्या. जन्म गेला रिक्षा चालवण्यात, बॅज हाय, खिशात लायसन हाय. बग्गीवाल्यानं समजावून सांगितलं, मी आयकलं बी. पण आयकणं डोक्यानं असतं आन गाडी चालती पायानं. रिक्षात उजव्या पायाखाली ब्रेक, गॅस मुठीत. बग्गीत उजव्या पायाखाली गॅस. आयुष्यभर ज्या पायानं मी म्हशी, शाळेची पोरं आन मंत्र्याच्या गाड्या वाचवल्या, तोच पाय. पाझर तलावाचा उतार आला, पाणी दिसलं, मी उजवा पाय दाबला. गाडी पळाली. पळाली म्हणून जास्त दाबला. मागून बग्गीवाला वराडला, "चचा, पाँव उठाओ." पाय उठवून थांबणारी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. पाणी सीटपर्यंत आलं तवा इंजिनच थांबलं, माझ्यापेक्षा त्याला अक्कल जास्त.

मग दुसरी बग्गी बोलवा, दोर लावा, ओढा. माझं लायसन आन माझे कपडे दगडावर वाळत घातले. खरं तर कपडे अंगावरच होते, मीच दगडावर वाळत होतो. त्या तलावात पवायला लई सुंदर जागा होती म्हणत्यात. बायको सगळा वेळ गाडीला म्हागून रेटत होती. चिखलात गुडघ्यापर्यंत. एकदा तिनं तलावाकडं नुस्तं पाहिलं, मग परत खांदा लावला. लेक माझ्याकडं आली आन हळूच म्हणली, "पप्पा, आता विहिरीवर तुम्ही कायच करू नका. नुस्तं बसा." मी म्हणलं, बसलो तरी मी पाण्यात जातो. ती हसली नाय.

विहीर चांगली दगडी होती, जुनी, आत पायऱ्या, वरती एक चिंच वाकलेली. यंदा पाणी बरं होतं, उन्हाळा असून निम्म्याच्या वर. मी लांब एका धोंड्यावर बसलो, दोन्ही हात मांडीवर, शाळेत बसतात तसा. शाळेत असं बसायला मला कधी जमलं नव्हतं. बायको आडोशाला जाऊन ड्रेस घालून आली. केसाची गाठ मारली. मंगळसूत्र लेकीकडं दिलं. लेकीनं फोन काढला तर म्हणली, फोटो नाय काढायचे, नायतर मी उतरत नाय. पायऱ्या उतरत गेली, मला तिचं डोकंच दिसत होतं, मग तेबी दिसंना.

आन माझ्या भिजलेल्या खिशातला फोन वाजला. तो दोनदा बुडून वाजला हीच चूक. शेजारच्या बाई. नळ आलाय म्हणल्या. आज वारच नव्हता नळाचा, पण पाइपलाइन कुठं तरी जोडली म्हणून मधीच सोडलं. बारीक हाय, पण चालू हाय, तुमच्या घराला कुलूप.

मी हळू बोलत होतो, पण विहिरीला कान असतात का काय. बायको पायऱ्या चढून वर आली. एक पाय ओला होता. म्हणली, "नळ आला ना?" तिला माझ्या तोंडावरून कळतं. मी नाय म्हणायच्या आत तिनं लेकीकडून मंगळसूत्र घेतलं. लेक म्हणली, आई, राहू दे, टँकर मागवू. ती म्हणली, टँकरचं पाणी पिता येत नाय, ड्रम तळाला गेलेत, आठ दिवस काय चाटायचं. जावई म्हणला, मामी, मी जातो. तिनं जावयाला पाणी भरायला लावायचं म्हणजे! ती पिशवी उचलून चालायला लागली.

तवा मी धोंड्यावरून उठलो. म्हणलं, "तू पव. मी जातो."

ती थांबली. म्हणली, "तुम्हाला मोटरचं बटन तरी ठाऊक हाय का?"

ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत मी घरात पाणी भरलेलं नाय, मी भरलेलं पाणी सांडलंय. मी म्हणलं, दिवसभर पाण्यातच पडतोय, अजून थोडं.  तिनं पिशवी खाली ठेवली. मी बग्गीत बसलो, यावेळी म्हागं. बग्गीवाल्यानं गाडी चालू केली तसं ती वराडून सांगायला लागली, निळे ड्रम भरा, अजून काय काय, हात करून करून. इंजिनच्या आवाजात मला निळे ड्रम एवढंच आयकू आलं. मी हात हालवून व्हय म्हणलं.

दौलताबादच्या रोडला बग्गीवाल्यानं सोडलं. शेअर रिक्षा थांबली, आतल्यानं माझ्या पँटीकडं पाहून म्हणलं, सीट भिजंल, दुसरीत बसा. हे वाक्य दर पावसाळ्यात मी लोकांना म्हणतो. दुसऱ्या रिक्षावाल्यानं ड्रायव्हरशेजारी अर्ध्या फळीवर बसवलं. रस्ताभर मी बघत होतो, त्याचा उजवा पाय कसा बरोबर ब्रेकवर असतो.

घरी पोचलो. शेजारच्या बाईंनी मोटरचं बटन दाखवलं आन तोंडाला पदर लावून आत गेल्या. बायको कसं करती ते मला आठवत होतं. ड्रमच्या तोंडाला फडकं बांधलेलं असतं, पाणी गाळून जावं म्हणून, त्याच्यावर पाइप धरायचा. निळे ड्रम होते चार. चौघांच्या तोंडाला फडकं. मी एकेक करून भरले, वरून पाणी वाहीपर्यंत. शेवटचा कोपऱ्यातला लवकर भरला, मला वाटलं माझा हात बसला. नळ गेला तवा मी ओल्या फरशीवर बसून चहा केला आन पेलो. मनात म्हणलं, आता ती उतरली असंल. आता मुटका मारला असंल. दुसरं काय करता येत नव्हतं म्हणून हेच करत बसलो.

दिवस मावळता ती आली. केस ओले, खांद्यावर सोडलेले. लगीन झाल्यापासून तिचे केस तसे पाहिले नव्हते. कोपराला शेवाळ लागलेलं. अंगाला विहिरीचा वास. मी इचारलं, पवली का? ती म्हणली, थांबा, आधी ड्रम बघते. पयला बघितला, दुसरा बघितला, मान हालवली. कोपऱ्यातल्या ड्रमाजवळ गेली, फडकं सोडलं आन तशीच उभी राहिली. मग आत हात घातला, कोपरापर्यंत. वर काढला तर मुठीत गहू.

फडकं त्याला बी होतं, किडा लागू नाय म्हणून. कोपऱ्यातला सोडून, असं ती वराडली होती. वरसाचे गहू, निम्मा ड्रम. मी भिंतीला टेकलो. म्हणलं, आता ती रडंल नायतर मला मारंल, दोन्हीला माझी तयारी होती.

ती मुठीतले गहू बघत म्हणली, "मला एकटीला कशाला, गव्हाला बी पवायला नेलंत."

आन जी हसायला लागली ती खालीच बसली. शेजारच्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं काय झालं. त्यांना सांगता सांगता परत हसली. मला कळंना हसावं का नाय, म्हणून मी फरशी पुसली.

निम्मे गहू गच्चीवर वाळत टाकले. निम्म्याचं ती म्हणली, भिजलेच हायत तर आता भिजू द्या, कुरडया घालू. कुरडईचे गहू तीन दिवस भिजत ठेवायचे आन रोज पाणी बदलायचं. म्हणजे मी जे पाणी भरलं ते समदं त्या गव्हालाच गेलं. आम्ही मग शेवटी टँकरच आणला. गल्लीतल्या बायकांनी गहू वाटायला मदत केली, आन समद्यांना कारण सांगितलं गेलं, एकीला सुदिक सोडलं नाय. आता स्टँडवर बी मला कुरडई म्हणत्यात.

कुरडया घालायच्या दिवशी सोऱ्या फिरवायचं काम माझ्याकडं. गरम चीक, दांडा फिरवून हाताला फोड आले. गच्चीवर ऊन तापायच्या आत संपवायचं होतं. तिथं ती जरा जरा सांगायला लागली. मी इचारत नव्हतो. पाणी वरून कोमट होतं, खाली गार, हाडापर्यंत गार. पयल्यांदा भ्या वाटलं की विसरले असंन. दुसऱ्या पायरीवरून उडी मारली, मग वर येऊन चिंचंखालच्या दगडावरून. तळ नाय लागला. लेक वरून आई आई करत होती, तिला वर येऊन गप केलं आन परत मारली.

म्हणलं, मंग हात कसे मारायचीस? मी तर बघितलंच नाय.

ती चिकाची पातेली खाली ठेवून उठली. हाताला पांढरा चीक लागलेला तसाच. वाळत घातलेल्या कुरडयांच्या मधी उभी राहून तिनं दोन्ही हात म्होरं केले आन पाणी म्हागं लोटून दाखवलं. दोनदा.

मी म्हणलं, परत दाखव.

ती म्हणली, "सोऱ्या फिरवा. चीक गार व्हतोय."