चहाच्या गिलासात आठ वायरी

सुनिता राठोड आपल्या ओसरीला लॅब म्हणते; तांडा तिला पसारा म्हणतो. आयटीआय केलेली बाई. पंपाचे स्टार्टर, मिक्सर, कुणाचा टीव्ही, सगळं तिथं पोट उघडं टाकून पडलेलं. तिच्याच शब्दावर बायांच्या गटानं हळद वाळवायला सोलर ड्रायर आणला, अन् आतल्या हळदीला बुरशी धरली. बसवून देणारा म्हणे, तुमीच चुकता. बाया म्हणाल्या, डबडंच खोटं. वारंगा फाट्याच्या शंकरसिंग भंगारवाल्याला ते देऊन टाकायचं ठरलं.

"पंधरा दिवस द्या," सुनिता म्हणाली. "चूक कुठं हाय ते दावते."

एका थर्मामीटरनं ते होईना. वरचा ट्रे मोजून खालच्यापाशी पोचेस्तोवर ढग यायचे. तिला पायजे होता डेटा लॉगर: आठ ठिकाणची उष्णता एकदम मोजणारा, मिनिटामिनिटाला लिहून ठेवणारा. नवा परवडण्यातला न्हवता. जुने दोन निघाले ते नेमके शंकरसिंगाकडंच, कुठल्याशा बंद डेअरीतून आलेले.

सासू मोतीबाई सोबत गेली. तिच्या नवऱ्यानं जन्मभर बैलांचा व्यापार केलेला.

"हा घ्या ताई, एकदम चकाचक," शंकरसिंगानं पुसलेला डबा पुढं सरकवला.

"शिंगं रंगवलेली दिसून राहिली," मोतीबाई म्हणाली. "दावणीला पाहून बैल घेत न्हाईत बाबा. औताला धरून दाव."

शंकरसिंगानं पाहुणचाराला चहा सांगितला होता. सुनितानं तो पिला न्हाई. घरून आणलेल्या, उष्णता मोजायच्या आठ वायरी डब्याला जोडल्या अन् त्यांची टोकं एकाच गिलासात बुडवली.

"चहा एकच. आठांनी बराबर एकच आकडा सांगायला पायजे."

चकाचक डब्यानं एकाहत्तर, चाळीस, नव्वद, मनाला येईल ते सांगितलं. दुसऱ्या, धुळकट डब्याचे सहा आकडे एका अंशात बसले; दोन जागा कोऱ्याच.

"दोन खुरांनी लंगडा हाय," मोतीबाई म्हणाली. "त्या हिशेबानं बोल."

"मावशी, चहा बी माझा अन् नुकसान बी माझं!" शंकरसिंग कुरकुरला, पण भाव उतरवला.

पाच ट्रेंत पाच वायरी, सहावी बाहेर. चौथ्या दिवशी सुनितानं लॅपटॉपवर रेघा काढल्या, बाया भोवती जमल्या. बाहेरची रेघ दिवसाला हळू चढून हळू उतरायची. आतल्या पाची चढायच्या अन् धाडकन खाली यायच्या, दिवसातून दहा-बारा डाव.

"दार उघडलं कुणीतरी, आतली ऊब गेली," सुनिता म्हणाली. "नऊ वाजून दहाला. पावणेदहाला. साडेदहाला..."

मग मोतीबाईच म्हणाली, "वाळवण हलवू न्हाई तर काय करू? अंगणातली हळद जन्मभर हलवतच आले."

"मी बी हलवते की," अनुसयाबाई म्हणाली.

"अन् मी बी," मागून कुणीतरी.

हसून हसून बाया खाली बसल्या. मोतीबाईनं बैलाचा जुना कासरा आणला अन् ड्रायरच्या दाराला गच्च आवळला.

"आता कोण हात लावतं बघतेच."

"अन् याडी, तुमचा हात?" सुनितानं सासूला विचारलं.

"तो बी बांध."

शंकरसिंगाचा टेम्पो ठरल्या दिवशी आला. अनुसयाबाईनं हळकुंड त्याच्या कानाशी धरून मोडलं. कट्ट!

"भंगार न्हाई दादा. हळद हाय."

"मग टेम्पोतला तो चकाचक डबा तरी घ्या," तो म्हणाला. "पडून राहिला."

तो मात्र सुनितानं घेतला. आपल्या डब्याच्या दोन कोऱ्या जागांपुरते भाग त्यातून निघतील, असं तिला वाटून राहिलंय.