डोंग्याच्या लाकडाचा बैल

नाशिकच्या आमच्या दिवाणखान्यात एकोणीस बैल आहेत. लाकडी. तान्ह्या पोळ्याला विदर्भातली मुलं दोरी बांधून गावभर ओढतात तसले, सगळे जुने आणि हाताने कोरलेले. नवरा त्या खोलीला गोठा म्हणतो आणि पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने "गोठ्यात बसता का?" असं विचारतो. त्यामुळे फोनवर विसाव्या बैलाचा फोटो आला तेव्हा त्याला काही न सांगता मी आधी नागपूरचं तिकीट काढलं.

फोटो पाठवला होता सावलीच्या विलासभाऊंनी. त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि माझं वेड त्यांना मागच्या खेपेपासून माहीत आहे. फोनवर म्हणाले, "बैल मासे धरणाऱ्याच्या घरचा आहे ताई. पोरगा द्याले तयार आहे. पन पोळ्याच्या आधी या, नाई त पोरं रंग फासून देते त्याले." किंमतही त्यांनीच परस्पर ठरवून टाकली.

नागपूरहून सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट असल्याने खिडकीत बसून उगाच श्रीमंत वाटत होतं. वरोऱ्याला गाडी थांबली की तर्री-पोहे खा, पण तर्री बेताने घ्या. मी बेताने घेतली नाही आणि चंद्रपूरपर्यंत पाण्याची बाटली सोडली नाही. चंद्रपूरच्या पुढे मूलच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जंगल येतं. शेजारच्या बाईंना मी विचारलं, "इथे वाघ दिसतो का हो?" त्या पिशवी सावरत म्हणाल्या, "आमाले दिसते बाई. तुमी पैसे देऊन पाहाले येता, तवा नाई दिसत." मूल गाव सोडलं की जंगल मागे पडतं आणि सगळीकडे धान सुरू होतो, भाताच्या बांधीत पाणी आणि पाण्यात ढग. सावलीला उतरले तेव्हा दुपार कलली होती.

विलासभाऊंनी स्कूटरवरून तलावाकाठच्या गावात नेलं. बैल द्यायला तयार झालेल्या दिनेशच्या घरासमोर जाळी वाळत होती आणि ओसरीत त्याची आई, तुळसाबाई, पळसाचं पान विस्तवावर धरून बसल्या होत्या. समोर पाटावर तो बैल.

खरं सांगते, मी सरळ पाटापुढे जाऊन बसले. वीतभर उंच, आखूड मानेचा, वशिंड जरा डावीकडे कललेलं. पोटावर तासणीचे घाव तसेच ठेवलेले. एक शिंग तुटून पुन्हा खुंटीने बसवलेलं. लाकूड काळं पडलं होतं, पण त्याला पाण्यात मुरलेल्या लाकडाची एक वेगळीच गुळगुळीत चमक होती. गिऱ्हाइकाने हावरेपणा दाखवू नये हे मला कळतं, पण चेहऱ्याला कोण सांगणार!

"कोणी केला हो?"

"याच्या बापानं," दिनेशकडे हनुवटी करत तुळसाबाई म्हणाल्या. "पोरगा चार वर्साचा होता. साऱ्या पोरायकडे बैल, याच्याकडे नाई. रडून राह्यला. आमच्याकडे कुठी बैल? आमच्याकडे होता डोंगा, तोही फुटका. त्याच्या बुडाचं लाकूड काढलं अन् चार दिस तासत बसले."

म्हणजे एका सबंध झाडाचं खोड पोखरून केलेली होडी, तिच्या तळातून हा बैल निघाला होता. माझ्या एकोणिसांपैकी एकाचीही अशी कुळकथा नव्हती. मी आनंदाच्या भरात तो उचलून उलटा केला आणि जे बोलू नये ते बोलले, "चाकं मात्र नवी दिसतात. रबराची. काही हरकत नाही, मी काढून टाकते."

तुळसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काढता काऊन?"

"मूळची नाहीत ना. मला शोकेसमध्ये ठेवायचा आहे."

"मंग चालन कसा?"

दिनेश मधे पडला. "माय, ईश्वरीले आता बाजारातला रंगीत बैल पाह्यजे. हा पडूनच राहीन घरात. ताई नीट ठेवतीन." ईश्वरी त्याची मुलगी, दुसरीतली.

तुळसाबाईंनी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावलं, गरम पळसपानाने शेकलं आणि त्याच्याच कानाशी वाकून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग माझ्याकडे वळल्या. "त्याले जेवाचं आवतन देलं आता. जेवल्याबिगर कसा जाईन? तान्हा पोळा होऊ द्या, मंग न्या."

पोळ्याच्या आदल्या दिवशीची ही खांदशेकणी खऱ्या बैलांची होते हे मला ठाऊक होतं. लाकडाच्या बैलाचीही कोणी इतक्या मनापासून करतं, हे आजवर माझ्या कानावर आलं नव्हतं. माझे बैल सगळे दलालांकडून आलेले. दोन दिवस थांबणं भाग होतं. त्या रात्रीच्या जेवणात तळ्यातले झिंगे, भात आणि जवसाची चटणी मिळाली, म्हणून तक्रारीला जागा नव्हती.

मुक्काम गडचिरोलीला केला, वैनगंगेचा पूल ओलांडून. साध्या लॉजची खोली आठशे रुपये, गरम पाणी बादलीने. पोळ्याच्या दिवशी मार्कंड्याला जाऊन आले. चामोर्शीपर्यंत बस आहे, पुढे मिळेल ते वाहन, आणि सणामुळे तेही मोजकंच. नदीकाठची ती दगडी देवळं बघायला एक दिवस हवाच. भिंतीवर माणसं, देव, हत्ती यांची इतकी दाटी आहे की मान दुखेपर्यंत बघितलं तरी काहीतरी राहून जातं. एरवी मी तिथे हरखून गेले असते. त्या दिवशी मात्र डोक्यात एकच चाललं होतं, म्हातारीने मन बदललं तर?

तिसऱ्या दिवशी चार वाजता गावात पोचले. मारुतीच्या देवळासमोर मुलांची रांग लागली होती, कोणी फेटा बांधलेलं, कोणी मिशा काढलेलं. ईश्वरीने नऊवारी नेसली होती. बाजारातला रंगीत बैल आलाच नव्हता, किंवा दिनेशने आणला नव्हता, मी विचारलं नाही. डोंग्याच्या बैलाला झूल, गळ्यात चवळीच्या शेंगांची माळ, आणि तो खडखडत निघाला. घरोघरी बाया त्याच्या पायावर पाणी घालत, ओवाळत, आणि ईश्वरीच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ नाहीतर नाणं ठेवत.

पाचव्या की सहाव्या घरापाशी बैल एका बाजूला कलंडला. पुढचं एक चाक चिरून निघालं होतं. ईश्वरीचा चेहरा रडवेला झाला आणि मागची सगळी रांग थांबली.

दिनेश पुढे आला. इकडेतिकडे पाहिलं, पायातली एक चप्पल काढली आणि जाळी कापायच्या सुरीने टाचेतून गोल चाक कापलं. मधोमध भोक पाडलं, आसावर बसवलं, वर खिळा ठोकला. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. उरलेली चप्पल कुंपणावर टाकून तो चिखलातून अनवाणी चालू लागला. कुणालाच त्यात काही नवल वाटलं नाही.

माझ्या शेजारी उभ्या तुळसाबाई म्हणाल्या, "याच्या येळेस याच्या बापानं आपली चप्पल कापली होती. बैल आज्याचा, चाकं बापाची. तसंच असते जी आमच्याकडे."

संध्याकाळी पुरणपोळी जेवलो. दिनेश शब्दाचा पक्का. त्याने बैल धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात बांधून माझ्यासमोर ठेवला. तेवढ्यात तुळसाबाई आतून पकड घेऊन आल्या. "थांब रे. चाकं काढून दे त्यायले. त्यायले नाई पाह्यजे. चाकं राहू दे इथी, त्यावर दुसरा बैल करजो पोरीले."

टोमणा नव्हता त्यात. मी जे मागितलं होतं तेच त्या मला देत होत्या. दिनेशने पकड चाकाला लावली आणि मी त्याचा हात धरला. "राहू द्या," म्हणाले. "बैल इथेच राहू द्या." मला न्यायला आलेल्या विलासभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ईश्वरीने मात्र वाट न बघता कागद फाडला.

परत येताना सामान हलकं होतं. नवऱ्याने दार उघडून आधी पिशवीत डोकावून पाहिलं. "नवीन जनावर नाही?" मी नाही म्हणाले आणि सरळ गोठ्यात जाऊन बसले.

मग एकेक बैल खाली काढून उलटा केला. आसांची भोकं पॉलिशवाल्याकडून पुट्टी भरून बुजवून घेतली होती, मीच. चाकं मूळची नसतात म्हणून एकोणीसही वेळा मी ती काढली आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्यातली बरीचशी आता आठवतही नाहीत. एका जोडीची मात्र लख्ख आठवते. निळ्या रबराची होती, आणि एका चाकावर टाचेचा खोल खळगा होता. ते मी दोन बोटांच्या चिमटीत धरून, नाक मुरडून फेकलं होतं.