तारामास्तरची प्रतवारी

१९७९ साल. मी बावन्न वर्षांचा. आंजीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलेला एक मास्तर माझ्या वावरातल्या खोलीत राहायला आला. रोज सकाळी शाळेआधी तो कडुनिंबावर ताणलेली तांब्याची तार रेडिओला जोडायचा आणि कान लावून बसायचा. गाणी नाही, बातम्या नाही, नुसती खरखर. कोणी राम राम घातला, तर हात वर करून त्याला गप्प बसवायचा.

"कोणाची वाट पाहून राह्यले, गुरुजी?"

"दुसऱ्या ताऱ्यांवर कोणी असेल, तर त्यांच्या हाकेची."

गावानं त्याचा तारामास्तर केला.

प्रत लावायचं त्याला भारी वेड. आपल्या धरतीवरची सगळी शक्ती वापरते ती पहिल्या प्रतीची दुनिया. अख्खा सूर्य जुंपते ती दुसरी. आकाशगंगेतले सगळे सूर्य जुंपते ती तिसरी, सगळ्यांत वरची.

"अन आपण?"

"अजून पहिलीतही नाही, शामरावजी."

मी चौथी शिकलेला, पण कापसाचा माणूस. आर्वीच्या बाजारात ग्रेडर गाडीत हात घालतो, धागा ओढून पाहतो, मग प्रत लावतो. माझ्या कापसाला त्यानं कधी खालची लावली नाही. मास्तरचा मला रागच आला. "हात न लावता अख्ख्या दुनियेले नापास करता?"

तो हसला. "हात पोचत नाही, म्हणून तर कान लावतो."

आमचं खरं भांडण मोटारीवरून. वीज सकाळीच यायची आणि विहिरीवरची मोटार चालली, की त्याच्या रेडिओत नुसता धिंगाणा. थोडा वेळ बंद ठेवा, म्हणायचा. "तुमच्या ताऱ्यांपायी माझी वांगी काऊन मारू?" मी एकदाही बंद केली नाही. बरोबरच केलं.

एकदा विचारलं, "आजवर कोणी बोललं?"

"नाही."

"मंग बसता काऊन?"

"बाजारात ग्रेडर आला आणि गाडीजवळ धनीच नसला, तर?"

"पुढच्या गाडीवर जाते."

"म्हणून बसतो. धनी गाडीजवळ पाहिजे."

मी बैलांना कडबा टाकायला गेलो.

दोन वर्षांनी त्याची बदली झाली. नव्या गावी भर बाजारातली खोली, तार ताणायला झाड नाही. रेडिओ माझ्या ओसरीवर ठेवून म्हणाला, "गाणी ऐका." एसटीत चढताना त्यानं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली. मी रेडिओ वावरात कडुनिंबाखाली नेला, तार जोडली आणि कान लावला.

"अजी, वांगी वाळून राह्यली! मोटार काऊन बंद?" बायको ओरडली.

मी हात वर केला.