वेळेअभावी

माईकवर दोनदा बोट वाजवायचं, पदर खांद्यावर घट्ट ओढायचा आणि विचारायचं, "मागं आवाज येतोय ना?" आमच्या मॅडमची सुरुवात अशी व्हायची. उदगीरच्या साहित्य मंडळात तुम्ही कधी बसला असाल तर हा आवाज तुम्ही ऐकलाय. चेहरा आठवेलच असं नाही.

मुखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या मराठी शिकवायच्या, मी इतिहास. उदगीरहून आम्ही एकाच एसटीने जायचो. तास जीव ओतून घ्यायच्या, म्हणून लग्नाला गेलेल्यांचे, आजारी पडलेल्यांचे तासही त्यांच्याच गळ्यात. गॅदरिंग त्यांच्याकडे, निबंध स्पर्धा त्यांच्याकडे. "एवढं उरकते सर, मग बसते लिहायला," हे त्यांचं पालुपद. बसणं काही व्हायचं नाही. त्या लिहायच्या एसटीत, मोबाईलवर, अंगठ्याने. खड्डा आला की थांबायच्या.

अशी एक कथा वर्षभरात पुरी झाली. लातुरात क्लासच्या पोरांना डबे देणारी एक बाई. निकालाच्या दिवशी ती सगळ्यांच्याच डब्यात शिरा घालते, पास झालेल्यांच्या आणि नापासांच्याही. मला वाचून दाखवली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिलो. डोळे भरले होते, खोटं कशाला बोलू.

मंडळात लेखकांना तोटा नव्हता. निवेदन करायला मात्र कुणी नव्हतं. मॅडमचा आवाज गोड, त्या बऱ्या सापडल्या. कित्येक वर्षं त्या दुसऱ्यांच्या भिकार कवितांना "अप्रतिम" म्हणत राहिल्या. स्वतःची कथा वाचायचं काढलं की मंडळाचं उत्तर, "पुढच्या बारीला बघू".

शेवटी एका वार्षिक मेळाव्याच्या पत्रिकेत त्यांचं कथावाचन छापून आलं. देगलूरहून आईला बोलावून त्यांनी माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत बसवलं. पाहुणे आले उशिरा. मग शाली, नारळ, सत्कार, सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार. मंडळाचे अध्यक्ष अप्पा, कापडाचे दुकानदार, मॅडमकडे झुकले.

"टाइम न्हाई मॅडम. पाव्हण्यांचं जेवण राहिलंय. कथा कॅन्सल करा, आभार घ्या."

ते माईकवर सांगायचं कामही त्यांचंच. "वेळेअभावी कथावाचन रद्द करण्यात येत आहे. रसिकांनी क्षमा करावी." आवाज जराही हलला नाही. लोक पंगतीकडे पळाले. आई मला विचारायला लागली, "माझ्या लेकीचं कवा हाय वो?" मला त्या मंडळाला आग लावावीशी वाटली.

त्यानंतर मॅडम मंडळात फिरकल्या नाहीत. एसटीत झोपून जायच्या. एकदा मी कथेचं विचारलंच.

"पुसून टाकली सर. आता तास घेते, घरी जाते. लई निवांत हाय."

निवांत माणसाचा चेहरा असा नसतो. यंदा नवऱ्याची बदली झाली, नोकरी सोडून त्या गेल्या.

परवाच्या मेळाव्यात अप्पांनी भाषणात त्यांची आठवण काढली. असं सूत्रसंचालन पुन्हा होणे नाही, म्हणाले. टाळ्या पडल्या. नंतर पंगतीत माझ्या शेजारी बसून वरणभातावर तूप घेता घेता त्यांनी विचारलं, "सर, मॅडम काही लिहीत बी होत्या म्हणे?"

"लिहीत होत्या."

"मग बोलायचं न्हाई का? एखाद्या बारीला वाचायला लावलं असतं की."