सात नंबरचा बोल्ट

इंजिनाचं हेड बसवताना बोल्टचे नंबर म्हणायला मी स्वतःचाच आवाज टेप केला. चूक एवढीच. बाकी सगळं पुस्तकात लिहिल्याबरहुकूम केलं होतं.

गाडी जुनी, कॉलेजात असताना मी आणि एका मित्राने मिळून घेतलेली. गरजेपेक्षा जास्त पळावी म्हणून आम्ही तिला दोन कार्ब्युरेटर लावले होते आणि हेड घासून कॉम्प्रेशन वाढवून घेतलं होतं. असल्या इंजिनात हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणारं गॅस्केट म्हणजे नाजूक प्रकरण. वरचे दहा बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, तीन फेऱ्यांत आवळायचे. एक जरी कमी आवळला गेला तर गॅस्केट तिथे जळतं. नाना पेठेतले आमचे मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणत, एकट्याला हेड आवळूच देत नसत. एकाने नंबर म्हणायचा, दुसऱ्याने बोल्ट आवळून तोच नंबर परत म्हणायचा, मगच पुढचा. आमच्यात म्हणण्याचं काम मित्राकडे असे. तो पोथी वाचल्यासारखा नंबर वाचायचा आणि मध्येच मला चहा प्यायला सांगायचा.

पुढे तो तीन महिन्यांसाठी अमेरिकेला गेला आणि पाच वर्षं आलाच नाही. मग बाकीचेही एकेक करून गेले. धायरीहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायला लागली. काही दिवस मी ती धरून ठेवायचो, मग तिथे डबा ठेवायला लागलो.

अशात त्याची मेल आली. पंधरा दिवसांसाठी येतोय, पैकी एक रविवार मोकळा आहे, आपली गाडी घेऊन सिंहगडावर जाऊ. गाडी दोन वर्षं गॅस्केट गेलेल्या अवस्थेत पार्किंगमध्ये उभी होती. मी हेड काढून चाचांकडून साफ करून आणलं. ते म्हणाले, सोमवारी येतो, किंवा दुसरा माणूस घेऊन बसवा. सोमवारी काय उपयोग होता?

शनिवारी सकाळी मी पार्किंगमध्ये बसलो. बोल्टच्या जागांना ऑफिसच्या व्हाइटनरने नंबर घातले आणि टू-इन-वन चालू केला. त्यात आदल्या दिवशी मीच म्हटलेले तीस नंबर होते, दोन नंबरांत अंदाजाने दहा सेकंद. "एक," मी म्हणालो, टेपमधला. "एक," मी म्हणालो, गाडीवरचा. स्वतःची सोबत करून घेण्याची ही युक्ती मला इतकी आवडली की पहिल्या फेरीनंतर मी टेपला शाबासकी दिली.

पहिल्या मजल्यावरचे काका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. ट्रेझरीतून निवृत्त झालेले, घरात एकटेच. पाच वर्षांत आम्ही पाण्याच्या टँकरपलीकडे बोललो नव्हतो. त्यांनी पेपर खाली करून विचारलं, काही मदत हवी का. मी म्हणालो, नको काका, जमतंय.

तिसऱ्या फेरीत सातव्या बोल्टपाशी पाना बॅटरीला अडला. मी तो काढून उलटा घालायला गेलो, तेवढ्यात टेप म्हणाली, "आठ." मीही आज्ञाधारकपणे म्हणालो, "आठ."

रविवारी गाडी झकास चालू झाली. मित्र शेजारी बसला, डॅशबोर्डवर हात फिरवला, म्हणाला, आवाज तोच आहे रे. खडकवासल्यापर्यंत आम्ही दोघं पुन्हा कॉलेजात होतो. घाट लागला तसं इंजिन तापलं, आणि तिसऱ्या वळणावर मागून पांढरा धूर सुटला. दोन तास आम्ही कठड्यावर बसलो. त्याला दुपारी सासुरवाडीला जेवायला जायचं होतं. शेवटी त्याने एका जीपला हात केला. "पुढच्या वेळी नक्की," तो म्हणाला. मी गाडी ओढून घरी न्यायला टेम्पो शोधायला लागलो.

सोमवारी चाचा पार्किंगमध्ये आले. एकेक बोल्ट सोडवताना त्यांना जोर लावावा लागत होता. सातवा मात्र जोर न लावताच सुटला. गॅस्केट नेमकं तिथेच काळं पडलं होतं.

"नंबर कोण म्हणत होतं?" त्यांनी विचारलं.

मी टू-इन-वनकडे बोट दाखवलं. मग घाईने सांगायला लागलो, शनिवारचा दिवस, सगळे मित्र बाहेरगावी, या कामाला माणूस आणायचा कुठून.

खुर्चीवरच्या काकांनी पेपराची घडी घातली.

"अहो, मी इथेच बसलो होतो," ते म्हणाले. "एक ते दहा मलाही येतात."