एक जूनवाले

माझी नात दवाखान्यांच्या नोंदी जुळवायचं काम करते. दोन वेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी तिच्या कॉम्प्युटरवर येतात, नावं आधीच पुसलेली. जन्मतारीख, बाई की पुरुष आणि पिनकोड, एवढ्यावरून माणूस तोच आहे का ते ठरवायचं. मी चौथीतनं शाळा सोडली, पण यात न कळण्यासारखं काही नाही.

एकदा जेवताना तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही आम्हाला न सांगता किडनीच्या डॉक्टरकडे जाता का?"

"मी कशाला जाऊ? ठणठणीत आहे माझी किडनी."

मग तिनं सांगितलं. एका नोंदीत गुडघेदुखीची रोजची गोळी, दुसरीत किडनी निकामी व्हायला आलेली. अशा माणसाला ती गोळी म्हणजे विषच. दोन्हीकडे पिनकोड आमच्या धायरीचा, आणि तारीख, साल माझंच.

"अगं, ती तारीख माझ्या एकट्याची नाही. आमचे जन्म कुणी लिहून ठेवले होते? शाळेत घालताना मास्तरांनी अख्ख्या वर्गाला एक जून आणि एकच साल लावून दिलं."

ती घास हातात धरून बसली. "म्हणजे ही दोन माणसंही असतील. आमचे वरचे साहेबही तेच म्हणतात, जुळणी पक्की नाही, तर दवाखान्याला कळवायचं नाही. आणि आम्हाला नाव बघायची परवानगी नाही."

आमच्या वर्गातले आता गावात दोघंच उरलोत, मी आणि माझा एक जुना दोस्त. गुडघ्याची गोळी मी घेतो. गुडघे माझे आणि किडनी त्याची, असं निघालं तर कुणालाच धोका नाही. तसंच असू दे, असं मनात म्हणत मी त्याच्याकडे गेलो.

"पाय सुजलेत तुझे," मी म्हणालो.

"तुझं डोकं सुजलंय."

"किडनीचं काही हाय का?"

तो उसळला. "कुणी सांगितलं रं तुला? घरातबी कुणाला ठावं नाही. तुझ्या नातीनं माझे कागद उघडले का? तक्रार करीन तिची!"

"मला डोळे हायेत. गुडघ्याला काय घेतोस?"

त्यानं उशीखालचं पाकीट माझ्यापुढं टाकलं. मी घेतो त्याच गोळ्या, माझ्याच दवाखान्यातनं आणलेल्या.

"ही बंद कर. किडनी जाईल."

"तू कोण, डॉक्टर? चौथी नापास!" असं म्हणून त्यानं माझ्यासमोर एक गोळी पाण्याबरोबर गिळली.

घरी येऊन मी नातीला म्हणालो, "एकच माणूस आहे."

"नाव सांगू नका!" ती पटकन म्हणाली. मग हळूच, "पण कुठून कळलं म्हणून लिहू मी?"

सकाळी परत त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याची सून बाहेर आली, खाली बघत म्हणाली, "मामंजी म्हणतात, ते घरी नाहीत."

आत खाट करकरली. आता बोललो की हा जन्मात माझं तोंड बघणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"घरात नाही ना?" मी म्हणालो. "मग बस इथं, पोरी. तुला एक सांगायचंय."